फुटली कपबशी, कापला पगार!
शहरात कामाला गेलेल्या मुलामुलींच्या आईबापांसाठी

दहावी-बारावी झाली, की गावातली कितीतरी मुले-मुली कामाच्या वाटेला लागतात. दोन-तीन एकरांत सगळ्यांचे भागत नाही. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर तर नाहीच नाही. मग कुणी पुण्याला हॉटेलात लागतो, कुणी नाशिकला कारखान्यात, कुणी भिवंडी-इचलकरंजीला मागावर, तर कुणी तालुक्याच्या गावी मोबाइलच्या नाहीतर कापडाच्या दुकानात. महिना सरला की घरचे पगाराची वाट पाहू लागतात. पोराने पैसे पाठवले म्हणजे सोसायटीचा हप्ता, बियाण्याची उधारी, धाकटीची फी, सगळ्याची तोंडमिळवणी व्हायची असते.

आणि एखाद्या महिन्यात पैसे कमी येतात. फोनवर विचारले तर पोरगे आधी काही बोलत नाही. खोदून विचारले की सांगते, "हातातनं ट्रे सुटला. ग्लास फुटले. शेठनी कापून घेतलं."

यावर घरच्यांचे उत्तर बहुतेक ठरलेले असते. "नुकसान आपल्या हातनं झालं ना? मग भरून द्यायलाच पाहिजे. पुढच्या वेळी नीट धर." पोरगेही खाली मान घालून कामाला लागते.

शेतकऱ्याच्या घरचे हे इमान वाईट नाही. दुसऱ्याचे फुकट घेऊ नये, दुसऱ्याचे मोडले तर भरून द्यावे, हे आपण लेकरांना लहानपणापासून शिकवतो. पण या चांगल्या शिकवणीचाच काही मालक फायदा घेतात. म्हणून हातून वस्तू मोडली की पगार कापणे केव्हा रास्त आणि केव्हा अन्यायाचे, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

तोटा कोणाचा?

आपल्याच धंद्याकडे पाहू. कापणीला बाया लावल्या, दुपारून गारपीट झाली आणि निम्मा गहू आडवा झाला. तर आपण बायांची मजुरी कापतो का? नाही. शेत आपले, पीक आपले, आले तर नफा आपला आणि गेले तर तोटाही आपलाच. मजुराने दिवसभर घाम गाळला, त्याचा रोज त्याला मिळालाच पाहिजे.

हॉटेल, दुकान, कारखाना यांचेही तसेच आहे. रोज शेकडो कपबश्या धुतल्या जातात, त्यांत महिन्याला चार-दोन फुटणारच. माग चालतो, तसा धागाही तुटतो. सामान चढवता-उतरवता एखादे खोके दबतेच. ही तूटफूट धंद्याच्या खर्चातली आहे. शेठ चहाचा दर ठरवतो तेव्हा दूध, साखर, गॅस आणि जागेचे भाडे धरतो, तशी फुटणारी कपबशीही धरतो. मग तीच कपबशी पोऱ्याच्या पगारातून पुन्हा वसूल केली, तर शेठने तिचे पैसे दोनदा घेतले असे झाले.

ज्याला नफ्यात वाटा नाही, त्याने तोट्यात का म्हणून भरावे? या प्रश्नाचे उत्तर कुणी देत नाही, कारण बहुधा कुणी विचारतच नाही.

कापण्याच्या नाना तऱ्हा

हॉटेलात ग्लास आणि बश्या. मोबाइलच्या दुकानात दाखवताना पडलेला फोन. गॅरेजमध्ये तुटलेला आरसा. मागावर खोट निघालेला ताका; मग सूतच कच्चे होते की मागच नादुरुस्त होता, हे कुणी पाहत नाही. पेट्रोल पंपावर आणि दुकानात गल्ल्यात आलेली तूट. गोदामात आणि मोठ्या दुकानात माल कमी भरला, की ती रक्कम सगळ्या नोकरांत सारखी वाटून प्रत्येकाच्या पगारातून कापायची. चोरी एकाने केली असेल, मोजणीत चूक झाली असेल, पण भरायचे सगळ्यांनी.

काही ठिकाणी पहिल्या महिन्याचा पगार ‘डिपॉझिट’ म्हणून मागे ठेवतात आणि पोरगे काम सोडून निघाले, की सगळ्या जुन्या तुटीफुटीचा हिशोब त्यातून वळता करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्यांना ‘खाडा’ माहीतच आहे. बाई आजारी पडली, एक दिवस फडात जाता आले नाही, की त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही उचलीच्या हिशोबात चढतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नुकसान किती झाले हे एकटा मालक ठरवतो, दोष कोणाचा हेही तोच ठरवतो आणि वसुलीही तोच करतो. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि बेलिफही तोच.

हे दुखणे जुने आहे

मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या घाटावरची आणि कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या राबली. तिथे विणताना खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून कापायची, अशी रीत होती. उशीर झाला तर दंड, काम बिघडले तर दंड. पगारही वेळेवर होत नसे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुट्टी होती, दुपारची विश्रांती होती, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा हीही मागणी होती.

पुढे १९२९ साली ब्रिटिश सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यात दंड व कपातीला कायद्याने आळा घालावा असे सांगितले गेले. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला आणि मार्च १९३७ पासून तो लागू झाला. मालकाने मनाला येईल तसे कापू नये, हे तेव्हापासून या देशाच्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याची जागा ‘वेतन संहिता, २०१९’ या नव्या कायद्याने घेतली. कपातीचे मुख्य नियम तिच्यात कायम आहेत. जुन्या कायद्यात ठरावीक पगारापर्यंतचेच नोकर बसत. नव्यात तशी पगाराची अट नाही.

कायदा काय सांगतो?

नुकसानीपोटी पगार कापायचा, तर कायद्याने पुढच्या अटी घातल्या आहेत.

पहिली अट. मोडलेली वा हरवलेली वस्तू त्या नोकराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी म्हणून स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे. किंवा ज्या रोकडीचा हिशोब देणे त्याचे काम आहे, तिच्यात तूट आलेली असली पाहिजे.

दुसरी अट. नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. नुसता अपघात पुरत नाही. म्हणजेच माल कमी भरला म्हणून सरसकट सगळ्यांचे कापणे या अटीत बसत नाही.

तिसरी अट. प्रत्यक्ष नुकसान झाले असेल त्याहून एक रुपयाही जास्त कापता येत नाही.

चौथी अट. कापण्याआधी नोकराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. आधी कापले आणि मग विचारले, असे चालत नाही.

पाचवी अट. अशा कपातीची नोंद मालकाने नोंदवहीत केली पाहिजे.

याखेरीज एक मर्यादा आहे. सगळ्या प्रकारची कपात मिळून एका महिन्यात निम्म्या पगारापेक्षा जास्त होता कामा नये. उचल, फंड, नुकसानी, सगळे यातच आले.

दंडाचे नियम आणखी कडक आहेत. कोणत्या चुकीला दंड हे सरकारची मंजुरी घेऊन आधी फलकावर लावलेले असावे लागते. दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त नसावा. तो हप्त्याने वसूल करता येत नाही आणि ठोठावल्यापासून ९० दिवसांनंतरही वसूल करता येत नाही. दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जायचा नसतो, तो नोकरांच्याच हिताच्या कामी खर्च व्हावा लागतो.

अपघात वेगळा, हयगय वेगळी

सगळा वाद या दोन शब्दांवर येऊन थांबतो. फरशी ओली होती, पोऱ्याचा पाय घसरला, ट्रे पडला. हा अपघात. गर्दीच्या वेळी दोघांचे काम एकाला दिले, धावपळीत धक्का लागला. यात दोष असलाच तर माणूस कमी ठेवणाऱ्याचा. नवख्या पोराला न शिकवता यंत्रावर उभे केले आणि यंत्र बिघडले, तिथेही आधी मालकानेच आपली बाजू तपासावी.

हयगय कशाला म्हणायचे? रात्री गोदामाला कुलूप लावण्याची जबाबदारी सोपवलेली असताना कुलूप न लावता निघून जाणे. बजावून सांगितले असताना काचेच्या सामानावर जड पोती रचणे. गाडी चालवताना मोबाइलवर बोलणे. असे घडले असेल, तर भरून देणे रास्तच आहे आणि आपणही लेकराची बाजू उगाच घेऊ नये. न्याय दोन्हीकडून सारखा पाहिजे.

हिशोब मांडून पाहू

समजा, एका मुलाला दुकानात महिना १२,००० रुपये पगार आहे. ९,००० रुपयांचा फोन गिऱ्हाइकाला दाखवताना खाली पडला आणि काच तडकली. काच बदलायला २,५०० रुपये लागले. मालकाने सरळ ९,००० कापले आणि हातावर ३,००० ठेवले.

यात काय काय चुकले? गिऱ्हाइकाचा धक्का लागून फोन पडला असेल, तर मुलाची हयगयच नाही. एक रुपयाही कापायला नको. हयगय होती असे धरले, तरी नुकसान २,५०० चे झाले, ९,००० चे नव्हे. दुरुस्तीचे बिल असताना नव्या वस्तूची किंमत लावता येत नाही. शिवाय १२,००० पगारात सगळी मिळून कपात ६,००० च्या वर जाऊच शकत नाही. आणि मालक ‘हा दंड आहे’ म्हणाला, तर ३ टक्क्यांच्या हिशोबाने तो ३६० रुपयांपुढे जात नाही. त्यालाही आधी मंजूर झालेला फलक हवा.

हे एवढे गणित पोराला पाठ असले, तरी निम्मे काम झाले.

कामाला लागतानाच काय जपावे?

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. शाळेचा दाखला, गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती कुणाकडे ठेवू नयेत, नक्कल द्यावी. पगार शक्यतो बँकेच्या खात्यावर घ्यावा आणि पगाराची पावती मागून घ्यावी. ती देणे मालकाचे काम आहे. गल्ल्यावर काम असेल, तर पाळी घेताना आणि सोडताना रोकड समोरासमोर मोजून सही घ्यावी. यंत्र वा वस्तू आधीच खराब असेल, तर ताब्यात घेतानाच तसे सांगावे. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

एक साधी वही करावी. तारीख, कामाचे तास, घेतलेली उचल, मिळालेला पगार, कापलेली रक्कम आणि तिचे कारण. दूध डेअरीला घालताना आपण रोजच्या लिटरचा हिशोब ठेवतोच ना? तसाच हा.

घरच्यांनीही फोनवर ‘पैसे पाठवलेस का’ एवढेच विचारू नये. ‘काही कापले का, कशाचे कापले’ हेही विचारावे. आणि पोराने सांगितले, की आधी त्याच्यावर ओरडू नये. ओरडा बसतो म्हणून मुले लपवतात, आणि लपवतात म्हणून मालकाचे फावते.

कापलेच, तर काय करावे?

आधी तोंडी विचारावे. शांतपणे, शक्य तर दोघा-चौघांनी मिळून. बरेचसे मालक दुष्ट नसतात. रीत पडली आहे म्हणून कापतात. विचारणारा भेटला, की काही जण परतही करतात.

तेवढ्याने भागले नाही, तर लेखी द्यावे. अर्ज असा लिहिता येईल:

‘मा. मालक / व्यवस्थापक यांस,
विषय : पगारातून कापलेल्या रकमेबाबत.
महोदय, मी आपल्याकडे दि. ...... पासून ...... या कामावर आहे. ...... महिन्याच्या माझ्या पगारातून नुकसानीपोटी रु. ...... कापण्यात आले आहेत. सदर वस्तू दि. ...... रोजी ...... या कारणाने मोडली. त्यात माझी हयगय नव्हती. कपात करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही. तरी कपातीचे कारण, नुकसानीची रक्कम व दुरुस्तीचे बिल मला दाखवावे आणि कापलेली रक्कम परत मिळावी, ही विनंती.
आपला / आपली नम्र, ......’

याची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. पोच देत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

तरीही दाद लागली नाही, तर कामाच्या ठिकाणच्या जिल्ह्यातील सहायक कामगार आयुक्तांच्या किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार करावी. कपात बेकायदा ठरली, तर ती रक्कम तर परत मिळतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम अधिकारी करू शकतो. पगार पुरा दिला हे सिद्ध करण्याचा भार नव्या कायद्याने मालकावर टाकला आहे, मुलावर नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती वाटत असेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील माणसे यांना तिथे मोफत मदत मिळते. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक आहे.

आता खरी भीती. ‘तक्रार केली तर कामावरून काढतील.’ ही भीती खोटी नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. आज काम टिकवणे भाग असेल, तर वहीत नोंदी करत राहावे, पुरावे जपावे आणि दुसरीकडे काम मिळाल्यावर दाद मागावी. हक्क तोवर बुडत नाही. काम सोडले किंवा काढून टाकले, तर कामाच्या दोन दिवसांच्या आत सगळा पगार चुकता करणे मालकाला बंधनकारक आहे. ‘डिपॉझिट’ म्हणून अडवून ठेवता येत नाही.

दोन जणांचे मात्र वेगळे आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली लागलेल्या आय.टी.आय.च्या मुलांना ही संहिता लागत नाही. त्यांनी शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे दाद मागावी. आणि मोटारसायकलवर घरोघर माल पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या ‘नोकर’ न म्हणता ‘भागीदार’ म्हणतात, त्यामुळे या नियमांचा आधार त्यांना सहजी मिळत नाही. अशा कामाला लागण्याआधी कराराचा कागद कुणा जाणत्याकडून वाचून घ्यावा.

वय लहान असेल तर

१४ वर्षांखालील मुलाला हॉटेलात, दुकानात वा कारखान्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. अशा पोराला मालक ‘तुझे वयच भरत नाही, तुझी तक्रार कोण घेणार?’ म्हणून दरडावतो. खरे उलटे आहे, भ्यायचे मालकाने. ठेवणारा चुकला म्हणून राबणाऱ्याची मजुरी बुडत नाही. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आपल्या दाराशीही एक पोरगे आहे

शेवटी एक बोलावेसे वाटते, ते आपल्यालाच. पाडव्याला आपण सालगडी ठेवतो. सालाचा आकडा ठरतो, थोडी उचल देतो. मग वर्षभरात कधी विजेच्या कमी-जास्त दाबाने मोटार जळते, कधी फवारणीचा पंप फुटतो, कधी बैलाचा पाय मोडतो. ‘तुझ्या हातात होतं, तूच भर,’ असे आपल्यातले काही जण म्हणतात आणि सालातून पैसे वळते करतात. त्याने म्हणणे मांडले, तर ‘लई बोलायला लागला’ म्हणतात.

आपले पोरगे शहरात ज्या जागी उभे आहे, त्याच जागी हा गडी आपल्या दारात उभा आहे. वेतनाचा कायदा शेतीकामालाही आहे. पाचपर्यंत माणसे शेतीवर ठेवणाऱ्याला वह्या-नोंदी ठेवण्याची सूट आहे. पण मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा मागितला, तर दाखवावा लागतो. कायदा बाजूला ठेवला, तरी घरातल्या लेकराला जो न्याय मागायचा, तो दारातल्या गड्याला नाकारता येत नाही. येत्या पाडव्याला साल ठरवाल, तेव्हा दोन ओळी वहीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा: अपघाताने मोडले तर मालकाचे, हयगयीने मोडले तर दोघांनी बसून ठरवायचे, आणि त्याचे ऐकल्याशिवाय एक पैसाही कापायचा नाही.